हिवाळ्यात बोगद्यातील निद्रिस्त वटवाघळांची गणना : पूर्वतयारीपासून नोंदतक्त्यापर्यंत

ब्रिटनमध्ये वन्यजीवशास्त्र शिकण्यासाठी गेलेले किंवा नोकरीनिमित्त तेथे राहणारे काही मराठी निसर्गप्रेमी हिवाळ्यात वटवाघळांच्या गणनेत स्वयंसेवक म्हणून सामील होतात. त्यांच्यापैकी अनेकांनी वटवाघळे पहिल्यांदा पाहिलेली असतात ती सह्याद्रीतील एखाद्या गुहेत किंवा जुन्या किल्ल्याच्या कोठारात. तिथे माणूस आत शिरला की पंखांची फडफड सुरू होते आणि आपण त्रास दिला हे त्याच क्षणी कळते. ब्रिटनमधील जानेवारीच्या बोगद्यात मात्र काहीच हालत नाही. दोन तास फिरून बाहेर आलेला नवखा स्वयंसेवक समाधानाने सांगतो, "एकही उडाले नाही." नेमका हाच निष्कर्ष चुकीचा असतो आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच जन्माला येतात.

शीतनिद्रेतील वटवाघळाचे शरीर आसपासच्या हवेइतके थंड झालेले असते. त्याला जाग यायला लागली तरी शरीर तापवून उडण्याजोगे व्हायला साधारण अर्धा तास ते तासभर लागतो. तोवर आपण पुढे निघून गेलेलो असतो. कॅनडातील संशोधक डोनाल्ड थॉमस यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मोजून दाखवले. माणसांनी एकाही प्राण्याला हात लावला नव्हता, तरीही भेटीनंतर अर्ध्या तासाच्या आत उडण्याचे प्रमाण वाढू लागले, १ ते साडेसात तासांच्या दरम्यान ते सर्वाधिक झाले आणि काही वेळा साडेआठ तासांपर्यंत टिकले. उत्तर अमेरिकेतील एका लहान जातीत अशा एका जागरणाला जेवढी चरबी लागते, तेवढ्या चरबीवर ते वटवाघूळ सुमारे दोन महिने सुप्त राहू शकते. ५ ते ९ ग्रॅम वजनाच्या प्राण्याला थंडीत कीटक जवळजवळ मिळत नसताना हा खर्च भरून काढणे फार कठीण असते.

म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यामागे एकच हेतू आहे : वटवाघळांच्या सान्निध्यात आपण कमीत कमी वेळ घालवावा आणि त्या वेळात मिळालेली नोंद भरवशाची असावी. उदाहरणे मुख्यतः इंग्लंडमधील बंद पडलेल्या रेल्वे बोगद्यांची आहेत. कालव्यांचे बोगदे आणि युद्धकाळातील भुयारे यांनाही हाच क्रम लागू पडतो.

टप्पा १ : परवाना आणि परवानगी (ऑक्टोबरपूर्वी)

परवाना आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात.

ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या सर्व जातींना कायद्याचे संरक्षण आहे. निवाऱ्यातील वटवाघळांना जाणूनबुजून त्रास देणे हा गुन्हा असून त्याला दंडाबरोबर कारावासही होऊ शकतो. शीतनिद्रेच्या ठिकाणी गणनेसाठी जायचे असेल तर गटातील किमान एका व्यक्तीकडे त्या कामाचा परवाना असावा लागतो. इंग्लंडमध्ये तो नॅचरल इंग्लंड ही सरकारी निसर्गसंस्था देते, स्कॉटलंडमध्ये नेचरस्कॉट आणि वेल्समध्ये नॅचरल रिसोर्सेस वेल्स. नवशिक्याने स्वतः परवान्यासाठी धावपळ करू नये. स्थानिक वटवाघूळ गटाशी संपर्क साधून परवानाधारकाच्या हाताखाली दोन-तीन हिवाळे काम करावे, हाच रूढ आणि योग्य मार्ग आहे. परवान्याची प्रत गणनेच्या दिवशी सोबत ठेवावी.

परवानगी मात्र जागेच्या मालकाची लागते. बंद रेल्वेमार्गांवरील अनेक बोगदे नॅशनल हायवेज या संस्थेच्या देखरेखीखाली आहेत, तर काही खासगी जमीनमालकांकडे किंवा निसर्गसंरक्षण संस्थांकडे आहेत. किल्ली कोणाकडे मिळेल, दार किती वाजेपर्यंत उघडता येईल, बोगद्याच्या बांधकामाची शेवटची पाहणी कधी झाली आणि अस्तराच्या विटा कुठे सुटल्या आहेत, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय तारीख ठरवू नये.

सावधान : "गेल्या वर्षी परवानगी होती" हे या वर्षी चालत नाही. मालक बदललेला असतो, नाहीतर पावसाळी थंडीत अस्तराचा एखादा भाग निखळलेला असतो.

टप्पा २ : लस, प्रकृती आणि कपडे

शीतनिद्रेच्या गणनेत वटवाघळाला हात लावायचा नसतो. तरीही वटवाघळांचे काम नियमित करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. ब्रिटनमध्ये कुत्र्यांचा रेबीज नाही, या माहितीवर विसंबून अनेक जण ही गोष्ट टाळतात. परंतु तेथील डॉबेंटन जातीच्या वटवाघळांमध्ये रेबीजच्या कुळातील विषाणू आढळतो आणि त्याच्या संसर्गाने २००२ साली स्कॉटलंडमध्ये एका वटवाघूळ-कार्यकर्त्याचा मृत्यू झाला आहे. लसीच्या मात्रा काही आठवड्यांच्या कालावधीत टप्प्याटप्प्याने घ्याव्या लागतात. जानेवारीतील गणनेसाठी डिसेंबरच्या अखेरीस जाग येऊन उपयोग नाही.

सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर त्या दिवशी घरी थांबावे. माणसाकडून वटवाघळांकडे आजार जाऊ नये, हे यामागचे एक कारण आहे. दुसरे असे की बोगद्यात खोकल्याचा आवाज शंभर मीटरपर्यंत घुमतो.

कपड्यांविषयी एकच मुद्दा वारंवार सांगावा लागतो. थंडीच्या भीतीने लोक सरसर वाजणारी नायलॉनची जाकिटे घालून येतात. त्या कापडाच्या घर्षणातून माणसाला ऐकू न येणारे उच्च वारंवारतेचे ध्वनीही निघतात. आतून लोकरीचे थर आणि बाहेरून जाड सुती डगला हा पोशाख बरा. चिकटपट्टीने बंद होणारे खिसे बोगद्यात शिरण्याआधीच उघडून ठेवावेत. किल्ल्यांचा जुडगा बाहेर थांबणाऱ्याकडे द्यावा.

टप्पा ३ : साहित्य आणि त्याचे निर्जंतुकीकरण

प्रत्येकासाठी हेल्मेट, घोट्याला आधार देणारे बूट, दोन टॉर्च आणि राखीव सेल एवढे तरी हवेच. गटासाठी जवळच्या वस्तूवर नीट केंद्रित होणारी दुर्बीण, लांब दांडीवर बसवलेला छोटा आरसा, दोन तापमापक, आर्द्रतामापक, वायुमापक, मोजणीचा क्लिकर, प्रथमोपचार पेटी आणि बोगद्याचा आराखडा. भेगेत घालायचा एंडोस्कोप फक्त त्याचा परवाना आणि प्रशिक्षण असलेल्यानेच हाताळावा.

टॉर्चची निवड विचारपूर्वक करावी. आजकाल बाजारात अतिशय प्रखर एलईडी टॉर्च मिळतात आणि नवे लोक सर्वांत प्रखर टॉर्च अभिमानाने घेऊन येतात. आपल्याला हवा असतो प्रकाश कमी-जास्त करता येणारा आणि झोत अरुंद असलेला टॉर्च. चालताना मंद प्रकाश पायाशी ठेवावा आणि भेग तपासतानाच झोत वर न्यावा. जुने हॅलोजन दिवे तर आणूच नयेत, कारण त्यांची उष्णता जवळून जाणवते.

आता निर्जंतुकीकरण. स्यूडोजिम्नोअॅस्कस डिस्ट्रक्टन्स या बुरशीमुळे होणारा पांढऱ्या नाकाचा रोग २००६ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात प्रथम नोंदला गेला आणि त्याने उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळे मारली. ब्रिटनसह युरोपात ही बुरशी आढळते, परंतु तेथील वटवाघळांमध्ये तसे सामूहिक मृत्यू दिसलेले नाहीत. त्यामुळे युरोपात काम करणाऱ्यांमध्ये एक प्रकारची बेफिकिरी आलेली मी पाहिली आहे. बुरशीचे बीजाणू मात्र बुटांच्या चिखलात दीर्घकाळ टिकतात. प्रत्येक भेटीनंतर आधी चिखल ब्रशने पूर्ण काढावा, मग पाण्यात बुडवता येण्याजोगे साहित्य ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाच्या पाण्यात किमान २० मिनिटे ठेवावे आणि नंतर पूर्ण वाळवावे.

सावधान : युरोपातील बोगद्यात वापरलेले बूट, दोर किंवा डगला सुटीत भारतात आणून सह्याद्रीच्या गुहेत वापरू नये, आणि अमेरिका-कॅनडालाही नेऊ नये. धुतले असले तरीही नाही. देशागणिक वेगळा संच ठेवावा.

टप्पा ४ : तारीख ठरवणे

बॅट कॉन्झर्वेशन ट्रस्ट या ब्रिटनमधील वटवाघूळ-संरक्षण संस्थेच्या राष्ट्रीय गणना कार्यक्रमात प्रत्येक ठिकाणाला हिवाळ्यात दोन भेटी दिल्या जातात : एक जानेवारीत आणि एक फेब्रुवारीत. या दोनवर समाधान मानावे. "एकदा डिसेंबरमध्ये नुसते बघून येऊ" ही तिसरी भेट ठरते, आणि तिची किंमत वटवाघळे मोजतात.

कडाक्याची थंडी सलग काही दिवस पडल्यानंतर बोगद्यातील संख्या वाढते. उबदार आठवड्यात तीच वटवाघळे झाडांच्या ढोलींत किंवा इमारतींच्या भेगांत असू शकतात. त्यामुळे एका वर्षी हिमाच्या आठवड्यात आणि दुसऱ्या वर्षी ऊबदार आठवड्यात मोजलेल्या आकड्यांची थेट तुलना फसवी ठरते. यावर उपाय म्हणून काही जण थंडीची वाट पाहत तारीख पुढे ढकलत राहतात. माझ्या मते हे चुकीचे आहे. दरवर्षी शक्य तितकी तीच तारीख पाळावी आणि त्या दिवसाचे व आदल्या तीन-चार दिवसांचे बाहेरचे तापमान नोंदवावे. हवामानाचा फरक विश्लेषणात हिशेबात घेता येतो, पण सोयीने निवडलेल्या तारखांचा फरक कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

अपवाद दोनच. मुसळधार पावसाने बोगद्यात पाणी भरले असेल, किंवा एका बाजूने बंद असलेल्या बोगद्याच्या परिसरात हवेचा दाब झपाट्याने उतरत असेल, तर भेट पुढे ढकलावी. दाब उतरताना खडकातील व जुन्या खाणकामातील प्राणवायूरहित हवा बोगद्यात उतरू शकते.

टप्पा ५ : बोगद्याच्या तोंडाशी

घाई होते ती इथेच. सगळे गारठलेले असतात आणि लवकर आत शिरावेसे वाटते. तरीही पंधरा मिनिटे थांबून पुढील क्रम पाळावा.

१. बाहेर थांबणारी व्यक्ती ठरवावी. गट किती वाजता बाहेर येणार आणि त्यानंतर किती मिनिटांनी मदत बोलवायची, हे तिच्याकडे लिहून द्यावे. बोगद्यात मोबाइल लागत नाही.

२. आत तीनच जण जावेत. दोन मोजणारे आणि एक नोंद घेणारा. एकट्याने कधीही जाऊ नये. पाहुणे, मित्र, कुतूहलाने आलेला जमीनमालकाचा मुलगा यांना नम्रपणे नकार द्यावा. प्रत्येक जास्तीच्या माणसाबरोबर उष्णता, उजेड आणि आवाज वाढतो.

३. हद्द वाटून घ्यावी. डाव्या हाताचा माणूस डावी भिंत तळापासून कमानीच्या मध्यरेषेपर्यंत पाहील, उजवीकडचा उजवी. मध्यरेषेवर लटकलेले वटवाघूळ कोणाचे, हे आधीच ठरलेले असावे. दोनदा मोजणी होण्याचे किंवा मोजायचे राहून जाण्याचे प्रसंग सर्वाधिक तिथेच येतात.

४. खुणा ठरवाव्यात. हाताची मूठ म्हणजे थांबा, दोन बोटे म्हणजे नोंद करा, आडवा तळहात म्हणजे मागे फिरा. टॉर्चच्या उघडझापीने खुणा करू नयेत.

५. वायुमापक मोकळ्या हवेत सुरू करून प्राणवायू २०.९ टक्के दाखवतो का, ते पाहावे. आत १९.५ टक्क्यांच्या खाली गेल्यास लगेच मागे फिरावे.

६. बाहेरचे तापमान सावलीत मोजून वेळेसह लिहावे.

तपासा : आपण आत असताना दार कोणी बंद करू शकणार नाही ना? कुलूप आणि किल्ली बाहेरच्या व्यक्तीच्या हातात आहे ना?

टप्पा ६ : आत चालण्याची पद्धत

बोगदा एकाच दिशेने, एकदाच तपासावा. जाताना अर्धे आणि येताना अर्धे ही विभागणी मोहक वाटते, परंतु तिच्यामुळे प्रत्येक वटवाघळाजवळून माणसे दोनदा प्रकाश टाकत जातात. बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा असेल तर दुसऱ्या तोंडाने बाहेर पडावे. एकाच बाजूने उघडा असेल तर जाताना पूर्ण गणना करावी आणि परत येताना टॉर्च पायाशी ठेवून, न थांबता, मध्यातून चालत यावे. परतताना राहून गेलेले वटवाघूळ सहज दिसले तर ते वेगळ्या रकान्यात लिहावे, मूळ संख्येत मिसळू नये.

रेल्वे बोगद्यांच्या भिंतींवर अंतराचे जुने फलक असतील तर त्यांचाच आधार घ्यावा. नसतील तर मोजपट्टीने वीस-वीस मीटरचे भाग पाडून आराखड्यावर खुणा कराव्यात. हे काम उन्हाळ्यात, वटवाघळे नसताना, मालकाच्या परवानगीने उरकून ठेवावे. हिवाळ्यात मोजपट्टी ओढत बसणारा गट पाहिला की मला फार वाईट वाटते.

एका वटवाघळावर झोत किती वेळ ठेवायचा? मी स्वतःपुरता पाच सेकंदांचा नियम केला आहे. तेवढ्यात जात ओळखता आली नाही तर "अनिश्चित" लिहून पुढे जायचे. झोताचा मध्य प्राण्यावर रोखू नये, कडेचा मंद उजेड पुरतो. छत डोक्याजवळ असेल तिथे तोंड बाजूला वळवून श्वास सोडावा. आपल्या उच्छ्वासाची ऊब आणि ओल त्या इवल्याशा देहाला अर्ध्या मीटरवरूनही पोचते. कोनाड्यात तर शिरूच नये. रुळांवरच्या कामगारांना गाडी येताना आडोसा घेता यावा म्हणून बांधलेले हे कोनाडे लहान असतात आणि माणसाच्या उष्णतेने लवकर तापतात. बाहेर उभे राहून आरशाने आत पाहावे.

पायाखालीही लक्ष हवे. डॉबेंटन जातीची वटवाघळे कधी कधी जमिनीवरच्या दगडांच्या राशीत शीतनिद्रा घेतात. खडीच्या ढिगावर पाय देण्यापूर्वी बाजूची पायवाट शोधावी.

जाग येत असल्याची चिन्हे अशी. हॉर्सशू (नाकावर घोड्याच्या नालासारखी कातडी असलेले) वटवाघूळ पाय किंचित दुमडून स्वतःला वर ओढल्यासारखे करते आणि मंद झोका घेते. लांबकान्या वटवाघळाचे पंखाखाली दुमडलेले कान मेंढ्याच्या शिंगासारखे वळत बाहेर येऊ लागतात. श्वास डोळ्यांना दिसू लागतो, अंग थरथरते, डोके उचलले जाते. यांपैकी एकही चिन्ह दिसले तर मूठ वर करून सर्वांना थांबवावे, उजेड खाली घ्यावा आणि त्या भागातून शांतपणे पुढे जावे. नक्की जात कोणती, हे पाहण्यासाठी पुन्हा वळू नये. वेळ आणि जागा नोंदवावी. या उलट, केसांवर दवाचे थेंब साचून प्राणी चांदीसारखा चमकत असेल तर तो गाढ सुप्तावस्थेत आहे असे समजावे.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका कोनाड्यापाशी चार हॉर्सशू वटवाघळे पाहून मी भारावलो आणि दोन-तीन मिनिटे तिथेच उभा राहिलो. कोणी हलले नाही. काही वेळाने परत येताना त्या जागी दोनच उरली होती आणि बोगद्यात दोन सावल्या फिरत होत्या. त्या दोघांच्या खर्ची पडलेल्या चरबीचा विचार आजही मनातून जात नाही.

टप्पा ७ : कुठे पाहायचे

बोगद्याच्या तोंडाजवळ हवा बदलती आणि थंड असते, आत खोलवर ती स्थिर आणि तुलनेने उबदार. जातींची वाटणी त्यानुसार होते. ग्रेटर हॉर्सशूला (हॉर्सशूंतील मोठ्या जातीला) साधारण ७ ते ११ अंशांची जागा मानवते, म्हणून ती आत सापडतात. ब्राउन लाँग-इअर्ड (वर सांगितलेले लांबकाने) आणि क्वचित दिसणारे बार्बास्टेल थंड तोंडाजवळच्या भेगांत असतात, तीही मुख्यतः कडक थंडीत. नवखे गट तोंडाजवळचे पहिले तीस मीटर झपाट्याने पार करतात आणि ही वटवाघळे हमखास हुकवतात.

उघड्यावर लटकणारी वटवाघळे म्हणजे मुख्यतः हॉर्सशू. मायोटिस गटातील (नॅटरर, डॉबेंटन यांसारख्या) बहुतेक जाती मात्र स्वतःला घट्ट कोंबून घेतात. त्यासाठी विटांमधील निखळलेल्या दरजा, पाण्याचा निचरा होण्यासाठी भिंतीत ठेवलेली भोके, अस्तर आणि खडक यांमधील पोकळ्या, हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या उभ्या विवरांची कड, गंजलेल्या लोखंडी पट्ट्यांमागील फटी आणि जुन्या तारांचे आधार पाहावेत. भेगेकडे समोरून पाहिले तर काळोखच दिसतो. खालून तिरका झोत टाकून नाकाचा किंवा पंखाच्या कोपराचा तुकडा शोधावा.

इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातील ग्रेवेल हा सुमारे १,१२५ मीटर लांबीचा कालव्याचा बोगदा नॅटरर जातीच्या वटवाघळांसाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी दिसणारी वटवाघळे म्हणजे तिथल्या एकूण संख्येचा एक हिस्साच असतो, बाकीची भेगांत खोल असतात. आपण मोजतो ती दरवर्षी त्याच पद्धतीने पाहिल्यास वाढ किंवा घट दाखवणारी निर्देशक संख्या असते. ही समज पक्की असेल तर "अजून दोन सापडतात का पाहू" म्हणून प्रत्येक भेगेत दहा मिनिटे घालवण्याचा मोह होत नाही. शोधाचा कालावधी आणि कसोशी दरवर्षी सारखी ठेवणे, हेच जास्त मोलाचे.

टप्पा ८ : हात न लावता ओळख

लेसर हॉर्सशू पंखांत पूर्ण गुंडाळलेले असते. सुमारे ४ सेंटिमीटर लांब, टपोऱ्या जांभळाहून थोडे मोठे. ग्रेटर हॉर्सशू ६ ते ७ सेंटिमीटर, लहान नासपतीएवढे. अंतर नीट न कळल्याने उंच कमानीवरचे ग्रेटर अनेकदा लेसर म्हणून लिहिले जाते. शेजारच्या विटेच्या उंचीशी तुलना करावी. ब्रिटिश विटेची उंची साधारण साडेसहा सेंटिमीटर असते, म्हणजे आयती मोजपट्टी भिंतीतच आहे.

नॅटररचे पोट पांढरे, पाठीच्या तपकिरी रंगापासून स्पष्ट वेगळे, चेहरा गुलाबी व उघडा, कान लांबट. ते भेगेत कधी कधी पाठीवर पडलेले असते. डॉबेंटनचे कान आखूड, पाय मोठे आणि पोटाचा रंग राखट. व्हिस्कर्ड आणि ब्रँट या दोन जाती सुप्तावस्थेत नुसत्या पाहून वेगळ्या करता येत नाहीत. त्यांचा एकत्रित रकाना असतो आणि तोच वापरावा.

ब्राउन लाँग-इअर्डच्या बाबतीत सर्वांत जास्त गफलत होते. लांब कान पंखाखाली दडलेले असल्याने फक्त कानासमोरची अरुंद टोकदार पाकळी बाहेर दिसते आणि पाहणाऱ्याला तोच छोटा कान वाटतो. टोकदार, पारदर्शकसर "कान" दिसला की कपाळाच्या कडेला दुमडीची सुरुवात आहे का, ते पाहावे.

अनोळखी मोठे वटवाघूळ दिसले तर घाईने नाव देऊ नये, पण दुर्लक्षही करू नये. ब्रिटनमधून नामशेष मानल्या गेलेल्या ग्रेटर माउस-इअर्ड जातीचा एक एकाकी नर २००२ साली ससेक्समध्ये आढळला आणि पुढे अनेक हिवाळे तेथील एका बंद रेल्वे बोगद्यात दिसत राहिला. आकार, कानांची लांबी, पोटाचा रंग आणि नेमकी जागा लिहून परवानाधारकाला दाखवावे.

सावधान : छायाचित्रासाठी स्वतंत्र परवानगी लागते. ती असली तरी फ्लॅशचा एकच ठोका, एकच चित्र. मोबाइलने चित्रफीत काढणे सर्वस्वी वर्ज्य.

मोठे घोळके इंग्लंडमध्ये फारसे भेटत नाहीत. पोलंडमधील नीटोपेरेकच्या भुयारांत मात्र एकेका घोळक्यात शेकडो ग्रेटर माउस-इअर्ड असतात. जानेवारीतील तिथल्या गणनेत वेगवेगळ्या देशांतील स्वयंसेवक भाग घेतात. अशा ठिकाणी पंख किंवा पाठी न मोजता नाके मोजावीत, कडेपासून आत दहा-दहाचे गट करत जावे आणि दोघांनी स्वतंत्रपणे केलेल्या मोजण्या दोन्ही लिहाव्यात. त्यांची सरासरी बोगद्यात उभे राहून काढू नये.

टप्पा ९ : नोंद

नोंद घेणाऱ्याने पेन्सिल वापरावी. ओल्या कागदावर शाई फुटते आणि थंडीत बॉलपेन चालत नाही. मोबाइलवर नोंद घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर सतत उजेड राहतो आणि त्याची काळोखाला सरावलेली नजर जाते. प्रत्येक भागासाठी जात, संख्या, भिंत किंवा छत, उंची, भेग की उघड्यावर, आणि हालचाल दिसली का, एवढे रकाने पुरेत.

तापमान आणि आर्द्रता तोंडाशी, मध्यावर आणि शेवटी मोजावी. तापमापक खिशातून काढल्या काढल्या वाचला तर तो आपल्याच अंगाची ऊब दाखवतो. दगडावर ठेवून, त्यापासून दूर होऊन, आकडा स्थिर झाल्यावरच वाचावा. तो वटवाघळाच्या थेट खाली ठेवू नये.

तपासा : ज्या भागात एकही वटवाघूळ नव्हते, तिथे शून्य लिहिले आहे का? रिकामा रकाना पाहून वर्षभराने कोणालाच कळत नाही की तिथे वटवाघूळ नव्हते, की तो भाग तपासलाच नव्हता. मी तपासलेल्या जुन्या तक्त्यांमध्ये सर्वाधिक आढळलेला दोष हाच आहे.

टप्पा १० : बाहेर आल्यावर

बाहेरच्या व्यक्तीला सर्वजण सुखरूप असल्याचे आधी सांगावे, मग बाकीचे बोलणे. दाराच्या आडव्या गजांत अडकलेली पाने आणि फांद्या काढाव्यात, कारण वटवाघळांना त्या फटीतूनच उडत जायचे असते. कुलूप लावून दोघांनी ते ओढून पाहावे. बूट तिथेच ब्रशने साफ करून पिशवीत बंद करावेत.

त्याच संध्याकाळी तिघांनी एकत्र बसून तक्ता पक्का करावा. वेगळ्या मतांच्या नोंदी चर्चेने "सुधारू" नयेत. बोगद्यात अनिश्चित असलेले वटवाघूळ चहाच्या टेबलावर नॅटरर होऊ लागले की नोंदीची किंमत संपते. बोगद्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. फेब्रुवारीच्या भेटीसाठी जानेवारीचा तक्ता सोबत नेऊ नये, कारण "इथे गेल्या वेळी तीन होती" हे माहीत असले की डोळे तिसरे शोधतच राहतात आणि पाच सेकंदांचा नियम मोडतो. आराखड्याची कोरी प्रत न्यावी. मालकाला संख्या, आढळलेल्या जाती आणि बांधकामात दिसलेले नवे तडे एका पानावर आठवड्याभरात कळवावेत, म्हणजे दुरुस्तीची गरज असल्यास ती वटवाघळे बाहेर पडल्यानंतर, उन्हाळ्यात करता येते.